मिक्सिंग खात्याची लेक

दिल्लीची गाडी नागपूरला दीड तास उशिरा येणार होती, आणि त्या दीड तासात बाबांनी माझ्या रजईची दोरी तीनदा सोडून तीनदा बांधली. रजई त्यांनी स्वतः उभं राहून भरून घेतली होती. आमच्या गावच्या कापडगिरणीत ते मिक्सिंग खात्यात होते, त्यामुळे रुई कोणती घालायची हे दुसऱ्या कुणी ठरवणं शक्यच नव्हतं. "दिल्लीची थंडी हाडात जाते म्हणतात. दबणार नाही अशी रुई टाकली हाय," हे ते मला सांगत होते, बाकावरच्या फौजीला सांगत होते, आणि एकदा तर हमालालाही सांगून झालं. आईने डब्यात जवसाची चटणी आणि कोरड्या पोळ्या दिल्या होत्या. रडायचं नाही असं ठरवून ती आली होती, म्हणून सारखी नळावर जाऊन तोंड धुऊन येत होती.

गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "पोचल्यावर पत्र टाक. अन् पाचव्या शीलाले जप, बाई."

आमच्या वस्तीतून कुणी पुण्याला जावो नाहीतर मस्कतला, बाबा प्रत्येकाला हेच सांगून पाठवत. दुसऱ्यांचे वडील 'सांभाळून जा' म्हणतात, तसं. पंचशीलातलं पाचवं म्हणजे दारू-नशेपासून लांब राहण्याचं. आमचे आजोबा दारूत गेले. काका, म्हणजे बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, त्याच वाटेला लागले होते. जिल्हा दारूबंदीचा, तरी ज्याला हवी त्याला बाटली कशी मिळायची ते मी तुम्हाला काय सांगू. बाबा विहाराचे सचिव होते आणि त्यांचा स्वतःपुरता एक नियम होता: ज्या घरी बाटली, त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. काकांच्या मुलीच्या लग्नात ते दिवसभर मांडवात राबले, पंगती वाढल्या, पाहुण्यांना हात धुवायला पाणी दिलं, आणि तहान लागली की भर उन्हात अकरा घरं ओलांडून आमच्याकडे येऊन पाणी पिऊन गेले. काका ओट्यावरून पाहत होते. वस्तीला बाबांचा अभिमान होता, मलाही होता.

हे सगळं आज लिहितेय ते माझ्या धाकट्या भावाने, मिलिंदने, विहाराच्या स्मरणिकेसाठी मागितलं म्हणून. गाव सोडून गेलेल्यांनी काय कमावलं ते लिहायचं आहे म्हणे. तर लिहिते. मला फ्रान्सची कोरडी लाल वाइन कळते. चांगली कळते. ग्लास नाकाशी नेऊन त्यात कोणती द्राक्षं एकत्र केलीत आणि कशासाठी केलीत हे सांगणारी दिल्लीत मोजकी माणसं आहेत, त्यांतली मी एक, आणि हे मी वाढवून सांगत नाही. वाचताना कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू द्या, पण पुढे वाचा.

मी गेले होते फ्रेंच शिकायला. कशाला फ्रेंच, तर विद्यापीठात त्या वर्गात जागा होती. वसतिगृहात नव्हती, म्हणून मुनिरकात खोली घेतली. समोरच्या घराची बाल्कनी इतकी जवळ की त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बघायला उठायची. घरमालकीण मला 'मद्रासी बेटी' म्हणायची. महाराष्ट्र सांगितल्यावर 'हाँ हाँ, बंबई' म्हणायला लागली, आणि बंबईपासून आमचं गाव एक अख्खी रात्र लांब आहे हे तिला पाच वर्षांत पटलं नाही. रजई मात्र पहिल्याच दिवशी पटली. कोपरा चिमटीत धरून म्हणाली, "रुई किसने चुनी है?" मी म्हटलं, पिताजीने. आणि जिन्यातच बसून रडले.

शिक्षण संपलं तेव्हा दिवस भराभर बदलत होते. रिंग रोडवर दर महिन्याला नवीन होर्डिंग लागायचं, नव्या गाड्या, नवे साबण, नवी बिस्किटं. परदेशी कंपन्या येत होत्या आणि फ्रेंच येणाऱ्यांना अचानक भाव आला होता. वाइन आयात करणाऱ्या एका कंपनीला दुभाषी हवा होता. त्यांचा पास्काल नावाचा माणूस मोठ्या हॉटेलांतल्या वेटरना वाइन शिकवणार आणि मी ते हिंदीत सांगणार, एवढंच काम. मी लगेच हो म्हटलं. पाचवं शील? मी थोडीच पिणार होते, मी बोलणार होते. बोलायला काय जातं.

पहिला आठवडा मी चव न घेता चवीवर बोलले. पास्काल सांगायचा, ही वाइन कोरडी, म्हणजे द्राक्षातली सगळी साखर आंबताना संपलेली. वास पिकल्या फळाचा येईल, पण जिभेच्या टोकाला गोड काही लागणार नाही, वासाने फसू नका. मी ते हिंदीत सांगायची. तो सांगायचा, टॅनिन सालीतून आणि बियांतून येतं, तेच लाल वाइनचं हाड. मी तेही सांगायची. शेवटी रावत नावाचा एक गढवाली वेटर, माझ्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा, हात वर करून म्हणाला, "मैडम, आपने चखी है?" मी म्हटलं, नाही. "तो फिर हम भी रट लेते हैं, जैसे आपने रटा है." वर्ग हसला. मीही हसले, पण लागलं. रुईला हात लावल्याशिवाय बाबांनी तिच्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता, आणि मी त्यांची लेक असून पोपटासारखी बोलत होते.

पास्काल कामात कधी पीत नसे. घोट तोंडात घ्यायचा, गालांत फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. चाखणाऱ्यांची ही रीतच आहे. दिवसाला तीस-चाळीस वाइन चाखायच्या तर गिळून कसं चालेल? मी दोन दिवस त्या बादलीकडे पाहत राहिले. घशाखाली गेलं तर पिणं, मान्य. नाही गेलं तर? विचारायला जवळ विहारातले भन्तेजी नव्हते. मीच वकील, मीच न्यायाधीश, निकाल माझ्याच बाजूने लागला. तिसऱ्या दिवशी घोट घेतला.

आणि आठवली ती बाभळीची काडी. लहानपणी आपण तिनेच दात घासायचो. हिरड्या आवळतात, जीभ खरखरीत होते, गाल आतून ओढल्यासारखे होतात. ज्याला टॅनिन टॅनिन म्हणून मी आठवडाभर घोकत होते ते आपलं साधं तुरट होतं. मी वर्गाला विचारलं, "बबूल की दातुन की है कभी?" रावत सरळ होऊन बसला. म्हणाला, "हमारे पहाड़ में अखरोट की छाल से करते हैं. अच्छा, तो यह बात है." त्यानंतर त्या वर्गात टॅनिन कुणाला समजवावं लागलं नाही. घोट तोंडात असताना ओठांतून हवा आत ओढायची असते, फुर्र आवाज करून, म्हणजे वास नाकापर्यंत चढतो. वेटरना जन्मभर आवाज न करता वागायला शिकवलेलं, त्यांना ते जमेना. मला पहिल्या झटक्यात जमलं. आमच्याकडे बशीतून चहा कसा ओढतात ते ज्याने ऐकलंय त्याला नवल वाटणार नाही. थुंकायचा सराव मात्र मुनिरकाच्या मोरीत पाण्याने करावा लागला.

सहा महिन्यांनी कंपनीला चाखणारं एक कायमचं माणूस नेमायचं होतं. पास्कालने आमची परीक्षा घेतली. पाच ग्लास, नावं झाकलेली, कागदावर मत लिहायचं. इथे मी जी चूक केली ती कापसाच्या घरात वाढलेलं माणूसच करू शकतं. बाबा मिक्सिंगला जायच्या आधी ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे खोट काढणारा. चिमूट घ्यायची, दोन्ही हातांनी तंतू ओढून लांबी पाहायची, ओल पाहायची, पत्ती-कचरा पाहायचा, आणि काय उणं आहे ते तोंडावर सांगायचं. मी त्यांच्याशेजारी बसून हेच शिकलेली. तर मी पाचही ग्लासांची उणी-दुणी काढली. चौथ्याला सगळ्यांत खाली टाकलं. लिहिलं: आवळलेली, ताठ, तोंड उघडत नाही, माल परत करावा. चौथा ग्लास फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनचा होता आणि टेबलावरचा सगळ्यांत चांगला होता.

पास्कालने कागद दोनदा वाचला. "प्रत्येकातली खोट तू बरोबर पकडलीस," तो म्हणाला. "पण हे असं का केलंय ते कुठेच विचारलं नाहीस. ही वाइन आजच्यासाठी केलेली नाही. दहा वर्षांनी उघडायची आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने तीन छोट्या बाटल्या आणल्या. त्या बोर्दोत एकत्र केलेली तीन द्राक्षं, वेगवेगळी. पहिली कॅबरने: ताठ, तुरट, नुसती कण्याची. दुसरी मर्लो: मऊ, भरलेली, पण जरा ढिली, तोंडात टिकेना. तिसरी प्ती व्हेर्दो, थेंबभरच घालतात: रंग शाईसारखा आणि वास मिऱ्याचा, पण एकटी प्यायला नकोशी. एकेक घोट घेऊन मी थुंकत गेले, आणि तिसऱ्याला मी दिल्लीत नव्हतेच. मी गिरणीत बाबांचा डबा घेऊन उभी होते. समोर रुईच्या गाठी फोडून ओळीने मांडलेल्या, आणि बाबा एकेका गाठीचा थर काढत मला सांगत होते, "हिच्यात ताकद हाय, पण रुक्ष. ही मऊ, पण तुटते. ही आखूड हाय, पण चमक हिचीच. एकट्या गाठीचं सूत टिकत नाही, बाई. एकीची खोट दुसरीनं भरून काढायची." दरसाल पाऊस वेगळा, म्हणून दरसाल रुई वेगळी, म्हणून दरसाल प्रमाण वेगळं. धोतर मात्र गिऱ्हाइकाला दरसाल तेच लागलं पाहिजे. फ्रान्समधले लोक द्राक्षांचं नेमकं हेच करत होते. मी इतके दिवस ग्रेडरची लेक होऊन चाखत होते. मला मिक्सिंग खात्याची लेक व्हायला हवं होतं.

हे मी पास्कालला सांगितलं, आणि ती जागा मला मिळाली. त्यानंतर मागे वळून पाहिलं नाही. हॉटेलंच्या हॉटेलं मी शिकवली. मे महिन्यात लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यायची म्हणून तापलेल्या बाटल्या टेबलावर नेणाऱ्यांना मी सांगायची, अरे यार, ती खोली फ्रान्समधली, करोलबागेतली नव्हे, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. माझं ऐकायचे. चाखताना माझी जीभ कधी अडखळली नाही.

अडखळायची ती रविवारी, एसटीडी बूथमध्ये. घरी फोन नव्हता, शेजारच्या किराणा दुकानात आई येऊन थांबायची.

"काम काय वं करतेस?" आईने विचारलं होतं.

"फ्रेंच कंपनीत. फळांच्या आयातीचं."

"कोणती फळं?"

"द्राक्षं."

झालं. एका शब्दात निभावलं. अगदीच खोटं नव्हतं म्हणा, पण खरंही नव्हतं. पुढच्या रविवारी सांगू असं ठरवलं, आणि त्याच आठवड्यात बाबांची गिरणी बंद पडली. बाहेरचं सूत स्वस्त पडायला लागलं म्हणून, असं लोक म्हणत. खरं काय ते मला ठाऊक नाही. पण बाहेरचा माल आत येत होता त्यावर माझं पोट चालत होतं, आणि ज्यांच्याकडून मी सगळं शिकले ते बाबा घरी बसून रिकाम्या चिमटीत हवा धरत होते. अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार, की तुमच्या हातची विद्या मी दारूला लावली? आणि सांगितलं असतं तर पुढचं मला दिसत होतं. माझं घर काकांचं घर झालं असतं. बाबा येतील, राबतील, आणि पाणी प्यायला उठून जातील. मला ते सोसलं नसतं.

खोट्याला पाय फुटतात ते असे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आईने हौसेने सांगितलं, तुमच्या कंपनीची द्राक्षं आण की थोडी. मी दिल्लीच्या मंडईतून एक पेटी घेतली आणि रेल्वेने गावी नेली. बाबांनी ती विहारात वाटली. "सुजाताच्या कंपनीची हाय, फ्रान्सची," असं आई म्हणत होती. बाबांनी एक मणी तोंडात टाकला, पेटीत वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "चांगली हाय." एवढंच.

नोकरीला आठ वर्षं झाली. मी नोएडात घर घेतलं, चौथ्या मजल्यावर. सेक्टरला नंबर होता पण रस्ता नव्हता, लिफ्टचा खड्डा होता पण लिफ्ट नव्हती, आणि गच्चीवरून अजून मोहरीची शेतं दिसायची. माझं लग्न अजून व्हायचं होतं. स्वतःच्या कमाईचं घर घेणारी वस्तीतली मी पहिली मुलगी, म्हणून एप्रिलच्या शेवटी आई-बाबा बघायला आले. बाबांनी नळ उघडून पाहिले, खिडक्यांच्या कड्या लावून पाहिल्या, भिंतीवर वाजवून पाहिलं. मी दिलेलं पाणी प्यायले. तीन दिवस मी सुखात होते.

चौथ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "आपली रजई कुठं हाय? दबली का पाहू दे."

मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होते. उत्तर द्यायच्या आत कपाटाचं दार वाजलं. आता हे समजून घ्या, की वाइनला उन्हाळा सोसत नाही, आणि जाड रजईत गुंडाळलं तर बाटली दिवसभर थंड राहते. घरी आणलेले नमुने मी त्याच रजईत ठेवत होते. थंडीसाठीही, आणि लपवण्यासाठीही. मी खोलीत पोचले तेव्हा बाबांनी सहा बाटल्या जमिनीवर ओळीने उभ्या केल्या होत्या, गाठी मांडतात तशा. रजईचा कोपरा त्यांच्या चिमटीत होता. "दबली नाही," ते म्हणाले. मग घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि चार जिने उतरून गेले.

खिडकीतून पाहिलं तर गेटवरच्या गार्डच्या माठातून ते पाणी पीत होते.

दिवसभर तसंच चाललं. ऊन मी म्हणत होतं. तहान लागली की बाबा चार मजले उतरायचे आणि परत चढायचे. सेक्टरच्या मार्केटात ठेल्यावर कुलचे खाऊन आले. आई म्हणाली, "मी नाही बाप्पा उतरत तेवढे जिने. मले पाणी दे. मी नेम केला नव्हता, यांनी केला व्हता." संध्याकाळी मी बाबांच्या समोर जमिनीवर बसले आणि मुनिरकापासून सगळं सांगितलं. बादली, बाभळीची काडी, चौथा ग्लास, तीन बाटल्या. काही गाळलं नाही.

"थुंकतेस?" त्यांनी विचारलं.

"थुंकते."

"समदं?"

"सगळं."

त्यांनी रजईचा कोपरा पुन्हा चिमटीत धरून पाहिला. मग म्हणाले, "उद्या मले घेऊन चाल. हात लावल्याशिवाय मी ग्रेड देत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दिल्लीतल्या एका हॉटेलात माझा वर्ग होता. रावत आता तिथे कॅप्टन झाला होता. त्याने खुर्ची आणली, "बाबूजी, पानी," म्हणून ग्लास पुढे केला. बाबांनी हात जोडले. बाटलीवाल्या घराचा नियम हॉटेलालाही लागू होता. दोन तास ते मागच्या रांगेत कोरड्या घशाने बसून होते. मी बोर्दो ओतली, पांढऱ्या कापडावर ग्लास तिरका धरून रंग दाखवला, वास घेतला, घोट घेतला, फुर्र केलं, थुंकले. वडिलांसमोर थुंकताना मान खाली जाईल असं वाटलं होतं. गेली नाही. काम करताना ती कधीच जात नाही.

मी मिश्रणाचं सांगायला लागले तसे बाबा खुर्चीत पुढे सरकले. वर्ग संपल्यावर टेबलापाशी आले. ग्लासला हात लावला, तोंडाला नाही.

"दरसाल एकच प्रमाण असते?"

"नाही. दरसाल पाऊस वेगळा."

"अन् ज्या साली एखादा माल कच्चा निघाला?"

"त्या साली दुसरा वाढवतात."

"अन् गिऱ्हाइकाले तेच लागलं पाहिजे."

"तेच लागलं पाहिजे."

"मंग हेही आपल्यासारखे मिक्सिंगवालेच व्हय," बाबा म्हणाले, आणि गिरणी बंद झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना कामावरच्या माणसासारखं उभं राहिलेलं पाहिलं. ते प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. रावत हिंदीतून भर घालत होता, बाबा वऱ्हाडी हिंदीतून त्याला रुईचं सांगत होते, आणि दोघांचं मस्त जमलं होतं.

परतताना गाडी मी चालवत होते; यमुनेच्या पुलापर्यंत ते रस्त्यावरची होर्डिंगं वाचत आले. मग म्हणाले, "काम खरं हाय. हात साफ हाय तुझा."

मला वाटलं, सुटले.

"पाचवं शील तुझं शाबूत हाय, बाई," ते म्हणाले. "चौथं मोडलं."

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. रोज वंदनेत म्हणतो आपण, पाचव्याच्या अगदी आधी. आठ वर्षं मी एकाच दाराशी राखण करत बसले होते आणि शेजारचं दार सताड उघडं टाकलं होतं, दर रविवारी, स्वतःच्या हाताने.

"द्राक्षाच्या पेटीत खाली मराठी पेपर व्हता," बाबा पुढे म्हणाले. "नाशकाचा. फ्रान्समधी नाशकाचा पेपर जाते का?"

"तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"फळांचं नाही हे कळलं. काय हाय ते नाही कळलं."

"मग बोलला का नाही, बाबा?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

पूल उतरल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. हा माणूस पाच वर्षं थांबला होता, आणि मी दर रविवारी त्याला द्राक्षं विकत होते. बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "पाणी असंल तर दे. सकाळपासून घसा कोरडा हाय." मागच्या सीटवर घरून भरून आणलेली बाटली होती, माझ्या घरच्या नळाची. त्यांनी झाकण काढलं आणि अर्धी एका दमात प्यायले.

घरी आल्यावर एक अट घातली. बाटल्या ऑफिसात ठेव, कामाची वस्तू कामाच्या जागी. "मी कधी रुई घरी आणली का?" मी म्हटलं, रजईपुरती आणली. "ते विकत घेतली व्हती," ते म्हणाले, आणि हसले.

पुढचं तुमच्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी नव्हते, मला मिलिंदने सांगितलं. वैशाखी पौर्णिमेला वंदना झाल्यावर बाबा विहारात उभे राहिले. म्हणाले, "माझी पोरगी दारू चाखायचं काम करते. चाखते अन् थुंकते. फळांचं काम हाय असं आमच्या घरानं तुमाले सांगतलं, ते खोटं व्हतं. खोटं हाय हे मले कळलं व्हतं, तरी मी गप्प बसलो. आता मी सचिव राहू का नको ते तुमी ठरवा." मागून एका आजीने विचारलं, "थुंकते, तर मंग पगार कायचा भेटते?" आणि सगळा विहार हसला. सचिव तेच राहिले, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं.

मिलिंद सांगतो, परतताना बाबा नेहमीच्या रस्त्याने निघाले आणि काकांच्या दारात थांबले. काका विहारात आले नव्हते, ओट्यावर खाटेवर बसले होते. बाबा म्हणाले, "पाणी दे गा."

काका उठलेच नाहीत. म्हणाले, "घरात बाटली हाय, दादा."

"माहीत हाय. पोरीच्या घरी बी व्हती. पाणी दे."

काकांनी ग्लास तीनदा विसळला. काठोकाठ भरून आणताना निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. बाबा उभ्याने प्यायले आणि ग्लास परत पुढे केला. दुसरा ग्लास त्यांनी खाटेवर बसून प्यायला.

काकांची दारू त्यामुळे सुटली असं मी लिहिणार नाही. सुटली नाही. पण शेवटची वर्षं दोघे भाऊ संध्याकाळी एकाच खाटेवर बसत, आणि बाबा उठून जाईपर्यंत काका बाटलीला हात लावत नसत.

आता बाबा नाहीत, काकाही नाहीत. नोएडाला लिफ्टही आली आणि मेट्रोही, मोहरीची शेतं गेली. माझी मुलगी दिल्लीचीच. सरकी म्हटलं तर 'सरकी मतलब?' विचारते, पण कॉलेजला गेली तेव्हा रजई मागून घेऊन गेली. आजही वस्तीतलं कुणी नोकरीला, मुलाखतीला इकडे आलं की माझ्याकडे उतरतं. मी दार उघडते आणि त्यांनी चपला काढायच्या आधी सांगते, मी वाइन चाखायचं काम करते, घरात बाटली नाही, बाटल्या ऑफिसात आहेत. मग विचारते, पाणी आणू? एकदा एका तरुणाने नम्रपणे नको म्हटलं, तेव्हा त्याला मी गेटवरचा माठ दाखवला आणि म्हटलं, बाबाही तिथलंच प्यायले होते, दमलास की वर ये. दोन दिवसांनी त्याने स्वतः ओट्यापाशी येऊन ग्लास भरून घेतला.